शिडीची जागा

आमच्या कारखान्यात त्याला सगळे शिडी म्हणत. छताचा दिवा गेला की कोणी स्टूल शोधत नसे, त्यालाच हाक मारत. लेथवर तो आणि मी एकवीस वर्षं शेजारी उभे राहिलो. कारखान्याच्या बास्केटबॉल संघात तो सतरा वर्षं खेळला. मी खेळलो नाही. मी घड्याळ सांभाळायचो आणि गुण लिहायचो.

उड्या मारणारे पुष्कळ असतात. शिडीचं काम वेगळं होतं. चेंडू समोरच्यांकडे गेला की तो मान खाली घालून आपल्या बास्केटकडे पळत यायचा. त्याबद्दल त्याला टाळ्या मिळत नसत, पण समोरच्यांना सोपे गुणही मिळत नसत. नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो, ह्याच्यासारखं मागे पळा.

बेचाळिसाव्या वर्षी त्याने बायकोची कशीबशी समजूत काढली. एवढा एक हंगाम, मग भाजी आणायला मी मोकळा, असं तिला सांगितलं. त्याच वर्षी पॅकिंग खात्यात बावीस वर्षांचा एक पोरगा लागला. त्याचं नाव पडलं स्प्रिंग. चेंडू हातात आला की त्याला आपले कोण, परके कोण, काही कळत नसे. त्याचे निम्मे पास प्रेक्षकांनी झेलले. पण पळायचा.

अंतिम सामन्याआधी संघ निवडणाऱ्या फोरमनने मला विचारलं, पाचांत कोण घ्यायचा, म्हातारा की पोरगा? त्याला कप हवा होता, म्हणून त्याचा कल शिडीकडे. मी उपांत्य सामन्यात मोजून ठेवलं होतं. म्हणालो, पोरगा.

मग शिडीला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तो लेथ साफ करत होता.

"मोजलंस?" त्याने विचारलं.

"हो. नऊ वेळा तू मागे आला नाहीस. मैदानाच्या मध्येच उभा राहिलास."

तो खाचेतला लोखंडाचा कीस काढत राहिला. "दहा," तो म्हणाला. "एकदा तू घड्याळाकडे बघत होतास."

अंतिम सामन्यात स्प्रिंगने पहिल्या अर्ध्यातच चार पास फुकट घालवले. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागे होतो. माझं टेबल बाकाला लागूनच होतं. फोरमन येऊन म्हणाला, "शिडी, ऊठ."

शिडी उठला नाही. "मी उठलो तर ते पोरगं जन्मभर बाकाकडे बघत खेळेल," तो म्हणाला.

फोरमनने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं.

तीन गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला स्प्रिंगचा एक पास बरोबर माणसाच्या हातात गेला, एवढंच.

मला विचाराल तर शिडी चुकला. संघ जिंकायला उतरतो, शिकवणी घ्यायला नाही. अख्ख्या सामन्याचा नसला तरी तीन मिनिटांचा दम त्याच्यात नक्की होता. आणि दम असताना बसून राहणं ह्याला मी कामचुकारपणा म्हणतो. कपडे बदलायच्या खोलीत मी त्याला तसं तोंडावर सांगितलं.

"तूच बसवलंस ना?" तो म्हणाला. "आता बसू दे."

बूट काढायला तो वाकला, पण पाठ आखडलेली. हात नाड्यांपर्यंत पोचेनात. मी खाली बसलो. दोन्ही बुटांना दुहेरी गाठ होती, मैदानात उतरताना मारायचा तशी. सोडवायला बराच वेळ लागला.