फ्रिस्कोतला फ्रेंच भयपट

लोककथा गोळा करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली की रेकॉर्डर घेऊन कोणासमोर बसलं की कथा येत नाही, चहा येतो. कथा येते ती रेकॉर्डर पिशवीत गेल्यावर, निरोप घेऊन दारापर्यंत पोचताना. फ्रिस्कोतल्या आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्से माझ्यापाशी असेच, न मागता, साचत गेले. टेक्सासच्या या उपनगरात पुण्या-नागपुराकडची चार-पाच माणसं भर दुपारी पडदे ओढून भयपट पाहतात, आणि तेही केवळ फ्रान्समध्ये घडणारे, ही नोंद मी सुरुवातीला निव्वळ अभ्यासासाठी केली होती.

मंडळ रुचाचं. ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका शोधणं हा तिचा व्यवसायही आहे आणि विरंगुळाही. तिच्यासोबत नवरा प्रसाद, पंधरा वर्षांची मुलगी इरा आणि शेजारचा गिरीश. मी रुचाची लांबची मावशी. नात्याने थोडी, हाक मारण्यापुरती पूर्ण.

फ्रान्सच का, असं मी पहिल्याच शनिवारी विचारलं.

"मावशी, भुताला जुनं घर लागतं," रुचा म्हणाली. "आमच्या कॉलनीतलं सगळ्यात जुनं घर इरापेक्षा लहान आहे."

अमेरिकी भयपट वारंवार फ्रान्सला का जातो, यावर याहून नेमकं विवेचन मी वाचलेलं नाही. ज्या देशात दगडी घर नाही, तळघर नाही आणि सरदार घराणं नाही, त्याला भीती बाहेरून आणावी लागते.

* * *

या चित्रपटांची सुरुवात ठरलेली असते. एक अमेरिकन जोडपं फोटो पाहून फ्रान्सच्या खेड्यातला जुना शातो, म्हणजे सरदारांची गढीवजा हवेली, विकत घेतं आणि सामान घेऊन तिथे पोचतं. इथे गिरीश रिमोट हातात घेऊन चित्रपट थांबवत असे. त्याने नुकतंच घर घेतलं होतं आणि त्या अनुभवातून तो अजून बाहेर आला नव्हता.

होम इन्स्पेक्शन कुठे आहे, हा त्याचा आक्षेप. छप्पर पाहिलं नाही, पाया पाहिला नाही, आधीच्या मालकाने काय काय लिहून दिलंय ते वाचलं नाही. प्रत्येक चित्रपटात तो हे तितक्याच तळमळीने मांडायचा. शेवटी इराने त्याला विचारलं की इन्स्पेक्टर नेला असता तर नेमका काय फरक पडला असता.

"रिपोर्टमध्ये आलं असतं ना यार," गिरीश म्हणाला. "तळघरात ओल आहे, आणि एक बाई आहे."

* * *

डिसेंबरमध्ये प्रसादची आई, वत्सलाकाकू, नागपूरहून आल्या. काका गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या काकू घरात मात्र इतक्या हळू वावरायच्या की त्या खोलीत आहेत हे कधी कधी उशिरा लक्षात यायचं. परतीचं तिकीट जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं होतं. प्रसादने ते आधीच काढून ठेवलं होतं, कारण आईला इथे करमत नाही हे त्याने गृहीत धरलं होतं. "सहा महिने म्हणजे तिला शिक्षाच आहे," असं तो त्यांच्यादेखत प्रेमाने सांगायचा. काकू मान डोलवायच्या.

त्यांच्या पहिल्या शनिवारी आम्ही पाहत होतो त्या चित्रपटात एका मृत काउंटेसचं भूत जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभं राहतं. बोलत नाही, हलत नाही. खाली जेवणाच्या टेबलाभोवती सगळे गोठलेले. दिग्दर्शकाने हे दृश्य भलतंच लांबवलं होतं. इराने उशी तोंडावर धरली होती, गिरीशसुद्धा गप्प होता.

त्या शांततेत काकू म्हणाल्या, "कधीची उभी आहे बिचारी. बस म्हणून कोणी म्हणत नाही तिला."

* * *

एका शनिवारी मंडळाने मला बोलायला सांगितलं. मी थोडक्यात मुद्दा मांडला. इंग्लंडमध्येही गढ्या आहेत, मग इंग्रजी बोलणारा नायक फ्रान्सला का पाठवायचा? कारण शातोच्या फाटकाशी एक म्हातारी भेटते आणि त्याला स्पष्ट सांगते की आत जाऊ नकोस. हे ती फ्रेंचमध्ये सांगते. नायक हसून हात हलवतो आणि आत जातो. म्हणजे या प्रकारातलं भय इशारा न मिळण्यात नाही. इशारा मिळतो, तो समजत नाही.

सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. मग इरा म्हणाली, "So basically Aji on her morning walk."

सगळे हसले, काकूही हसल्या. रोज सकाळी कुत्र्याला घेऊन जाणारा एक गृहस्थ त्यांना काहीतरी म्हणतो आणि त्या मान डोलवतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तो काय म्हणतो ते मला समजतं," काकूंनी खुलासा केला. "हॅव अ गुड वन म्हणतो. चांगलं एक काय, ते मात्र आजवर सांगितलेलं नाही त्याने."

* * *

इतके चित्रपट पाहिल्यावर रुचाला त्यांतल्या चुका पाठ झाल्या, आणि चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नाही. मार्चमध्ये तिने जाहीर केलं की शहरातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी आपणच वीस मिनिटांचा भयपट करायचा. स्थळ फ्रान्स. पटकथा आणि दिग्दर्शन तिचं, कॅमेरा प्रसादचा. इरा नायिका, गिरीश आधी बळी आणि नंतर, मिशी लावून, धर्मगुरू. काउंटेसच्या भुतासाठी तिने काकूंना जिन्यावर उभं राहून फक्त खाली बघायला सांगितलं. काकूंनी बघितलं. गिरीशने हातातला फोन खिशात ठेवला आणि ताठ उभा राहिला. निवड तिथेच पक्की झाली.

फ्रेंच कोणालाच येत नव्हतं. रुचाने त्यावर निर्णय दिला की अमेरिकी चित्रपटांत फ्रेंच भुतं खुशाल इंग्रजी बोलतात, तेव्हा आमच्या भुताने मराठी बोलायला हरकत नाही. तौलनिक दृष्टीने मला यात खोट काढता आली नाही.

शातो म्हणून गिरीशचं घर ठरलं. बिल्डरने त्या शैलीला 'फ्रेंच कंट्री' म्हटलं होतं आणि गॅरेजला लागून एक बुरूजही दिला होता. बुरुजात शिरायचा दरवाजा शोधण्यात आमची एक सकाळ गेली. दरवाजा नव्हता. बुरूज केवळ रस्त्यावरून बघण्यासाठी होता.

पुढच्या लॉनवर थर्मोकोलची सात थडगी मांडून आम्ही धुराचं यंत्र लावलं. चौथ्या दिवशी गिरीशला सोसायटीचं, म्हणजे इथल्या होम ओनर्स असोसिएशनचं, पत्र आलं. भाषा अत्यंत सौम्य होती. थडग्यांना त्यांची हरकत नव्हती. परंतु थडगी ही हंगामी सजावट असून तिला फक्त ऑक्टोबरमध्ये, हॅलोविनपुरती, परवानगी आहे, तरी ती उचलून घ्यावीत.

भुतांची वेळ असते, जागा असते, अमावास्या असते, हे मी अनेक प्रांतांत नोंदवलं आहे. त्यांना नियमावलीने हंगाम ठरवून दिलेला मी प्रथमच पाहिला.

* * *

पहिलंच मोठं दृश्य पाठलागाचं होतं. काउंटेसच्या भुताला पाहून गिरीश बागेतून धावत सुटतो, शातोचं दार उघडून आत शिरतो आणि दार लावून घेतो.

गिरीश फार मन लावून धावला. चेहऱ्यावर खरीखुरी भीती, धाप, मागे वळून बघणं, सगळं उत्तम. दार उघडलं, उंबरठ्यावर थांबला, पायानेच दोन्ही बूट काढले, ते भिंतीशी सरकवले आणि मग आत जाऊन दार लावलं.

रुचाने कट म्हटलं आणि शांतपणे समजावलं की मागे मृत्यू लागलेला आहे. गिरीशने चूक मान्य केली. दुसऱ्या टेकला त्याने पुन्हा बूट काढले. तिसऱ्यालाही काढले, फक्त जास्त भेदरून.

"गिरीश, तुला जीव वाचवायचाय."

"माहितेय गं. पण कार्पेट नवीन आहे."

चौथ्या टेकला तो अखेर बुटांसकट आत शिरला. प्रसादने कॅमेरा तसाच चालू ठेवला, कारण आता मागून भूत यायचं होतं. पांढरा विग, पडद्याच्या जाळीचा पायघोळ झगा आणि पाठीमागे धूर अशा काकू संथपणे दाराशी आल्या. त्यांची नजर भयंकर होती. उंबरठ्यापाशी त्या थांबल्या, सपाता काढल्या, वाकून एकीशेजारी एक नीट ठेवल्या आणि शिकार करायला आत गेल्या.

* * *

शूटिंगचं वेळापत्रक रुचाच्या फ्रिजवर लावलेलं असे. त्यात सर्वांत खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आईंचं फ्लाइट'. त्याच्या आत भुताची सगळी दृश्यं संपवायची होती, म्हणून घरात सगळे ती तारीख रोज बोलत होते. कॅमेऱ्याची बॅटरी, इराची परीक्षा, गिरीशची मिशी आणि आईंचं फ्लाइट.

विग बदलून आणायला मी काकूंना गाडीतून नेत होते. सिग्नलला थांबलो असताना त्या सहज बोलाव्यात तशा बोलल्या.

"मला जायचं नाहीये हो."

तीस वर्षांची सवय आहे, अशा वेळी प्रश्न विचारायचा नसतो. मग त्यांनीच सांगितलं की नागपूरच्या फ्लॅटची बेल आता फक्त दूधवाला वाजवतो. इथे चार माणसं त्यांच्यावर ओरडतात, डावीकडे बघा म्हणतात, परत एकदा म्हणतात. शाळा सुटल्यापासून कोणी त्यांना परत एकदा म्हटलं नव्हतं.

प्रसादला सांगा ना, असं मी अखेर सुचवलं.

"मी सांगितलं तर तो नाही म्हणू शकणार नाही. म्हणून तर सांगत नाही. आणि घर काही त्याच्या एकट्याचं नाही, रुचाचंही आहे. त्यांनी आपणहून विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

हे कोणाला सांगू नका, असंही त्या म्हणाल्या. माहिती देणाऱ्याचं गुपित राखणं हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम. मी तो पाळला, आणि पाळल्याचा तेवढा त्रास मला यापूर्वी कधी झाला नव्हता.

* * *

राहिला शेवट. पटकथेत गिरीश धर्मगुरू होऊन येतो, पाणी शिंपडतो, आज्ञा करतो आणि भूत किंचाळत नाहीसं होतं. रुचाला तो पटत नव्हता. असे शेवट आम्ही निदान वीस वेळा पाहिले होते. तिने मला विचारलं की आपल्याकडे काय करतात.

मी सांगितलं की युरोपातल्या भुताला बहुधा हाकलतात, आपल्याकडे बहुधा आधी विचारतात. अंगात आलेल्या बाईसमोर घरातलं कोणीतरी बसतं आणि तुला काय हवंय, असं विचारतं. मग मागणी होते, घासाघीस होते, काहीतरी ठरतं, आणि ती जाते.

रुचाने त्याच दिवशी शेवट बदलला. गिरीशचं पाणी गेलं. तो थोडा रुसला. आता इरा भुतासमोर बसून विचारणार होती, भूत आपला हरवलेला हार मागणार होतं, इरा तो देणार होती आणि भूत तृप्त होऊन निघून जाणार होतं. एकदा लिहिलेल्या ओळीतला स्वल्पविरामही रुचा कोणाला हलवू देत नसे, त्यामुळे सगळ्यांनी संवाद पाठ केले.

हे दृश्य फ्लाइटच्या नऊ दिवस आधी, रविवारी दुपारी, गिरीशच्या दिवाणखान्यात घेतलं. प्रसाद कॅमेऱ्यामागे, रुचा त्याच्या शेजारी हातात कागद धरून, मी आणि मिशी नसलेला गिरीश कोपऱ्यात. काकू जिना उतरून आल्या. इराने त्यांच्यासमोर खुर्ची सरकवली, त्या बसल्या. इरा खाली कार्पेटवर बसली आणि घोटून घेतलेलं मराठी वाक्य सावकाश म्हणाली.

"काय हवंय तुम्हाला?"

काकू बोलल्या नाहीत. ओळ विसरल्या असाव्यात असं वाटून गिरीशने कुजबुजून आठवण करून दिली, "हार, काकू. हार."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. इराच्या डोक्यावरून त्या थेट कॅमेऱ्यात पाहत होत्या. आवाज भुताचा नव्हता; वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, न चढवलेला आवाज होता.

"मला जायचं नाहीये. मला इथेच राहायचंय, तुमच्यात."

इराने वळून आईकडे पाहिलं. प्रसादचा डोळा कॅमेऱ्यावरून निघाला होता, पण कॅमेरा चालूच होता. कोणीही कट म्हटलं नाही.

गिरीश अगदी हळू म्हणाला, "पण स्क्रिप्टमध्ये ती जाते ना शेवटी?"

रुचाने हातातला कागद दुमडला.

"स्क्रिप्ट माझी आहे," ती म्हणाली. "मी बदलते."