वसूल झाली काय?

आमच्या टायपिंगच्या सरांच्या गळ्यात नवी वस्तू मारणारा माणूस भंडारा जिल्ह्यात तरी जन्माला आला नव्हता. चष्म्याचा नंबर वाढला तर सर म्हणायचे, "हे पेपरवालेच अक्षरं लहान छापून राहिले." टाइपरायटरची रिबीन फिकी पडली की ती उलटी लावायची, आणि तीही बाजू संपली की आम्हाला सांगायचं, "जरा जोरात हाणा वं पोरींनो." ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आणला तेव्हा सारा बाजार बघायला लोटला, पण तोही नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला निघाला.

फ्लॉपी घातल्याशिवाय तो जागाच होत नसे. त्या फ्लॉपीत डॉस असायची, म्हणजे यंत्राला कामाला लावणारी प्रणाली. वर्षभरात तो विकून गेलेला नागपूरचा विक्रेता नवी डॉस घेऊन आला, अर्थात पैसे मोजून घ्यायची. सरांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "पयल्यांदा अर्धीच विकली होती काय? मंग उरलेल्या अर्धीचे पैसे मले काहून मांगता?" बिचारा चहा अर्धा टाकून उठला. खरं सांगायचं तर मला सरांचं म्हणणं पटायचं. आमची जुनी डॉस कधी एका दिवसासाठीही रुसली नव्हती.

मग मला नागपूरच्या एका ऑफिसातून परीक्षेचं बोलावणं आलं. मी मोहाडीहून रोज एसटीनं इन्स्टिट्यूटला यायचे; ही नोकरी हुकली तर घरचे माझं लग्न उरकून मोकळे होणार, हे सरांना ठाऊक होतं. त्या ऑफिसात नवी डॉस होती, आणि तिच्यातल्या कितीतरी आज्ञा आमच्या जुन्या डॉसच्या गावीही नव्हत्या. मी भीतभीत हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटला कुलूप, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात नवी फ्लॉपी. "माह्यासाठी नाही आणली," ते म्हणाले. "मले माही जुनीच बरी आहे." तेव्हापासून सकाळी स्वतःच्या कामाला ते जुनी फ्लॉपी घालायचे, आणि माझी वेळ झाली की ती काढून नवी.

नोकरी लागली. पुढे दर भेटीत ते विचारायचे, "काय वं, वसूल झाली काय डॉस?" मी म्हणायचे, "कुठलं सर, अजून नाही!" आणि दोघंही हसायचो. शेवटची भेट झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आवाज खोल गेला होता, तरी प्रश्न तोच. मीही सवयीनं नकारार्थी मान हलवली.

"असू दे," ते म्हणाले. "चालव मंग अजून थोडे दिवस."

पहिल्याच पगाराच्या दिवशी वसूल झाली होती, सर. चेष्टेच्या नादात एवढं सांगायचं राहूनच गेलं.