शेवटच्या फेरीसाठी ठेवलेलं नाव

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, आईला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय, तेही मला धड सांगता येणार नाही—तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. माझी शाळा नववीत सुटली, लिहायची सवय नाही. वाक्य कुठं अडखळलं, कुठं मागं फिरलं, तर सांभाळून घ्या.

आधी खेळाचं सांगतो. तेवढं सोपं आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठेपेठेला तालीम, तालमीचा फुटबॉलचा संघ, आणि संघ हरला की त्या गल्लीत त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. मला स्वतःला खेळता कधी आलं नाही. बघता मात्र येत होतं. एखादा खेळाडू जायबंदी व्हायचा, घरी बसायचा, मग परत मैदानात यायचा. लोक त्याची किक बघायचे. मी तो सायकलवरून कसा उतरतो ते बघायचो. ज्याचं दुखणं गेलंय त्याला आपला पाय आठवत नाही, न बघता टेकवतो. ज्याचं राहिलंय तो आधी जमिनीकडं बघतो. एवढीच माझी विद्या. अशी विद्या घेऊन कुणाचं पोट भरतं? एका ठेकेदाराबरोबर मी वाळूजला आलो, गिअर कापायच्या कारखान्यात मशीनवर लागलो, आणि बजाजनगरात सहा जणांच्या खोलीत सातवा म्हणून झोपायला लागलो.

आमच्या कंपनीचा फुटबॉलचा संघ होता. आजूबाजूच्या कंपन्यांचेही होते. छावणीच्या मैदानावर सुट्टीच्या दिवशी सामने व्हायचे. ते बघून आम्हा चौघांना एक नाद लागला. फोनवर म्हणे असा खेळ असतो—खऱ्या खेळाडूंतून आपापला खोटा संघ निवडायचा, आणि ते खरे खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खोट्या संघाला. आम्ही तेच कँटीनच्या मागच्या शेडमध्ये सुरू केलं. पत्र्यावर खडूनं नावं लिहायची. पाळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. एकानं उचललेलं दुसऱ्याला मिळत नाही. हंगाम संपला की जो जिंकेल त्याचा जेवणाचा डबा बाकीच्या तिघांनी महिनाभर घासायचा. बस, एवढंच. डबा घासण्यावरचा खेळ होता तो—हे लक्षात ठेवा, मला ते पुढं परत सांगवणार नाही.

या खेळात माझी विद्या कामाला आली. बाकीचे नावाजलेले खेळाडू उचलायचे. मी पहिल्या एक-दोन फेऱ्या तसंच करायचो, आणि मग ज्यांना कुणी विचारत नाही असे, पडलेले, बसलेले, पण परत उठणार हे मला दिसलेले, ते शेवटच्या फेरीत फुकटात घ्यायचो. ते उठायचे. सलग दोन हंगाम माझा डबा चकचकीत होता. कचरू म्हणायचा, "कोल्हापूर, तू भंगारवाला हायेस गड्या. पर तुझ्याच भंगारात सोनं कसं निघतं रं?"

कचरू म्हणजे आमच्या चौघांतला एक, आणि कंपनीच्या संघाचा गोलकीपर. शेंद्र्याकडचा, मेंढपाळ घरातला. मोठ्या हातांचा, मऊ मनाचा माणूस. त्याचं नाव नीट ध्यानात ठेवा. त्याची काही चूक नव्हती.

आता अन्वरभाईंचं सांगतो. सांगायलाच हवं.

मला एकदा कामावर ताप भरला. खोलीवर सहा जण, सगळ्यांच्या वेगवेगळ्या पाळ्या, पाणी द्यायलाही कुणी नाही. अन्वरभाई माझ्या शेजारच्या मशीनवर होते. संघाचे फॉरवर्डही तेच. संध्याकाळी त्यांनी मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि छावणीत आपल्या घरी नेलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात ते, भाभी, मुलगी आणि अम्मी. ताप उतरल्यावर मी निघालो, तर म्हणाले, "कायकू जाता रे? अम्मी खाना बनातीच ना. एक ताट जादा, और क्या." तो मी तीन वर्षं राहिलो. पहिल्या दिवशी अम्मीनं विचारलं होतं, तू मटण खातोस का. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर ती इतकी हसली की ठसका लागला. परमुलखात कुणी आपल्याला जेवायची हाक मारावी—याला काय म्हणतात हे ज्याला माहीत नाही, त्याला मी सांगू शकणार नाही.

पुढं एका सामन्यात अन्वरभाईंचा गुडघा मुरगळला. बरेच महिने ते मैदानाबाहेर होते. लोक म्हणायला लागले, संपला आता, वयही झालं. अन्वरभाई इतकी वर्षं ठेक्यावरच होते. आणि त्याच वर्षी आमचा संघ बघणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं की कंपन्यांच्या मोठ्या स्पर्धेत जे ठेक्यावरचे चांगलं खेळतील, त्यांना कायम करायला मी वर शब्द टाकतो. घरात दुसरं बोलणं नव्हतं. भाभीनं मुलीच्या शाळेचंसुद्धा त्या स्पर्धेनंतर ठरवू म्हणून ठेवलं होतं.

आणि एका सकाळी मी त्यांच्या मागं जिना उतरत होतो. ते मुलीला खांद्यावर घेऊन, तिच्याशी बोलत, शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उडी मारून खाली उतरले. त्याच पायावर. बघितलंही नाही खाली.

मला कळलं. त्यांना स्वतःला कळायच्या आधी, डॉक्टरच्या आधी, साहेबांच्या आधी—गुडघा बरा झालाय हे मला कळलं.

मला आनंद झाला का? झाला. खरंच झाला. पण त्याच्या मागोमाग काय आलं सांगू? त्या आठवड्यात आमची नावं उचलायची होती.

मी त्यांना पहिल्याच फेरीत उचललं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मला दुसऱ्या कंपनीचा एक पोरगा पण हवा होता, लई गोल मारायचा. पहिल्या फेरीत तो, आणि शेवटच्या फेरीत अन्वरभाई—दोघंही माझे. अडचण एकच. अन्वरभाई परत हलका सराव करायला लागले होते, आणि कचरू त्यांच्याबरोबर असायचा. तो म्हणाला, अन्वरभाई बरे दिसतात गड्या, मी उचलू का?

तेव्हा मी म्हणालो, "नको रं. मी त्यांच्या घरात राहतो. अम्मी रोज गुडघ्याला शेक देतीय. जिना भिंतीला धरून चढतात."

शेक अम्मी द्यायची. स्वतःच्या गुडघ्यांना. भिंतीला धरून तीच चढायची. एका घराचं मीठ खाऊन मी त्या घरातलंच खरं उचललं, आणि दुसऱ्याच्या अंगाला लावलं. कचरूनं दुसरं नाव घेतलं. शेवटच्या फेरीत मी खडू उचलून अन्वरभाईंचं नाव लिहिलं, तर तिघं हसले. एक जण म्हणाला, घरमालकाला खूश ठेवतोय. मीही हसलो.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलं नसतं. खेळातली लबाडी म्हणून स्वतःला माफ केलं असतं. पुढचं सांगायला मला पाणी पिऊन यावं लागलं.

कचरूला झोप लागेना. मेंढरं राखलेल्या घरातला माणूस तो. त्यांच्यात लंगडतं जनावर कुणी चालवत नाही, खांद्यावर घेतात. तो आपण होऊन साहेबांकडं गेला. अन्वरभाई पोटासाठी दुखणं लपवतायत, त्यांना खेळवून कायमचं अधू करू नका, म्हणाला. साहेबांनी अन्वरभाईंना विचारलं. ते म्हणाले, एकदम फिट. पण स्पर्धेच्या तोंडावर कुठला खेळाडू दुसरं काही म्हणतो? म्हणून साहेब माझ्या मशीनपाशी आले. कचरू बरोबर होता.

साहेब म्हणाले, "तू त्याच्याकडंच राहतोस ना? खरं सांग. गुडघा कसा आहे त्याचा?"

किती सोपा प्रश्न. मशीन चालू होतं, तरी मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. बरा आहे, साहेब—एवढंच म्हणायचं होतं. पण कचरू माझ्याकडं बघत होता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो साहेबांपर्यंत गेला होता. बरा आहे म्हटलं, तर मी त्याच्याशी खोटं बोललो हे तिथल्या तिथं उघडं पडणार. मग ते अन्वरभाईंना कळणार. मग अम्मीला. मग ते ताट, तो कोपरा, ती हाक—सगळं जाणार, आणि मी परत त्या खोलीत सातवा.

मी म्हणालो, "दुखतो साहेब, अजून."

कचरूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बरं केलंस गड्या. माणसाचा पाय वाचला."

स्पर्धेत अन्वरभाई सगळे सामने बाकावर बसून होते. अंगात जर्सी, पायात बूट, नाडी घट्ट बांधलेली. प्रत्येक वेळी कुणाला बदलायचं झालं की उठून उभे राहायचे. साहेब हातानं बसायची खूण करायचे. भाभी आणि मुलगी मैदानाच्या कडेला आल्या होत्या. मुलगी मला विचारत होती, अब्बा कधी खेळणार? मी तिला सामोसा घेऊन दिला.

त्यांच्या जागी खेळलेला पोरगा कायम झाला. अन्वरभाईंचा ठेका पुढं वाढला नाही. शेंद्र्याला एका नव्या कारखान्यात ते पहिल्यापासून, नवख्यासारखे, परत ठेक्यावर लागले. जायच्या आधी त्यांनी माझ्यासाठी सुपरवायझरकडं शब्द टाकला—पोरगा इमानदार आहे म्हणाले. मी आज कायम आहे, तो त्या शब्दावर.

आणि डब्याचं? त्या वर्षी मी हरलो. शेवटच्या फेरीतलं नाव मैदानात उतरलंच नाही.

अम्मी गेली तेव्हा मी खांदा दिला. मुलीच्या लग्नात मी वाढायला होतो. अन्वरभाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना छोटा भाई म्हणतात. मी दर ईदला जातो, भाभी माझ्या मुलांच्या हातात ईदी ठेवते. मी कधीच बोललो नाही. संधी नव्हती असं नाही. दर वर्षी होती.

मला वाटायचं, एक नोकरी गेली, माणूस उभा राहिला, चाललंय. गेल्या ईदला ते पहिल्यांदाच मला खालपर्यंत सोडायला आले. जिन्यात त्यांनी हात भिंतीला टेकवला. खाली बघून एकेक पायरी उतरायला लागले. मी विचारलं, दुखतो का? तर हसून म्हणाले, "नहीं रे, दुखता नहीं. पर भरोसा नहीं होता. साहबकू जो दिखा था, वो मेरेकू ही नहीं दिखा. अपनाच पाव अपनेकू झूठ बोला, बोल."

म्हणजे इतकी वर्षं ते असेच उतरतायत. साहेबांचा त्यांना राग नाही, कचरूचा नाही. त्यांनी दोष दिला तो आपल्या पायाला.

मी मागून एकेक पायरी उतरत राहिलो. शेवटच्या दोन पायऱ्यांवर ते थांबले, भिंत नीट धरली, आणि मग पाय खाली टाकला.

तो गुडघा बरा होता. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं.