चर्चचा धिरा

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी डोंगरीच्या बाजूला एका जुन्या चर्चच्या कामावर गवंडी होतो. इंग्रजांच्या खेड्यात असतं तसंच ते बांधलेलं: टोकदार कमानी, उंच निमुळत्या खिडक्या आणि भिंतींना बाहेरून टेकवलेले जाड दगडी धिरे. मिस्त्री साठीचे, माझ्याच गावातले. मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "कमान भिंतीला बायेर ढकलते, धिरा तिला आत रेटतो. त्याला हात लावायचा न्हाय."

ठेकेदाराला भिंतीला लागून सामानाची शेड काढायची होती आणि मधला धिरा आड येत होता. एका सकाळी तो म्हणाला, "तोडा हा."

"शेठ, आधी आतून कमानीला टेकू देऊ," काका म्हणाले. "न्हायतर भिंत येईल अंगावर."

"तू काय इंजिनियर लागून गेलास?" त्याने काकांच्या कानफटात मारली. काका खडीवर पडले. कानातून रक्त आलं.

मी थापी टाकली, त्याची नरडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, वीट उचलून तोंडावर हाणली. दोन दात पडले. रक्त थुंकत मी पुन्हा धावलो, तेव्हा त्याच्या माणसांनी मला मागून आवळून लांब ओढलं.

"तुमच्यावाचून अडत नाही माझं," म्हणत ठेकेदाराने स्वतःच पहार घेतली. धिऱ्याच्या बुडातले दगड निखळले. आतून चुना गळायला लागला, कमानीचं टोक फाकलं आणि भिंत पोट फुगल्यासारखी बाहेर येऊन त्याच्यावर कोसळली.

धुळीतून त्याच्या किंकाळ्या येत होत्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी हललो नाही.

काका एका हाताने कान दाबून वासा ओढत आले. "बघतोस काय? धर!"

मी वासा दगडाखाली घालून खांद्याने उचलला. काकांनी त्याला काखेत धरून ओढून काढलं. गुडघ्याखाली पायाचा चेंदामेंदा झाला होता.

पोलीस चौकीत त्याच्या माणसांनी भिंत पडल्याचं सगळं माझ्यावर ढकललं. संध्याकाळपर्यंत पट्ट्याचे फटके खाल्ले. शेवटी चर्चच्या फादरनी येऊन स्वतः पाहिलेलं सांगितलं, तेव्हा सुटलो.

ठेकेदाराचा पाय कापला. काका त्या कानाने कायमचे बहिरे झाले. भिंत आणि धिरा आम्ही दोघांनी चुन्यात पुन्हा बांधला. पाच महिने लागले. काकांनी ठेकेदाराबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. मी त्या दिवशी मुद्दाम उभा राहिलो होतो, हे मात्र त्यांना सांगायचं धाडस माझं कधीच झालं नाही.