शेजारणीकडची किल्ली

बाहेरगावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची, एवढी साधी गोष्ट. माझ्या आईने जन्मभर हेच केलं, अमेरिकेत, श्रूजबरीत येऊन मीही तेच करणार. शेजारीण कशाला असते मग?

माझी शेजारीण काळी, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन आहे, माझ्याच वयाची, पन्नाशी उलटलेली. आमच्या गल्लीत ती माझ्याआधीपासून राहते. दोघींनाही ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. रोज संध्याकाळी आम्ही सोबत चालायला जातो आणि आज कुणाचं किती आलं ते एकमेकींना सांगतो. टेन्शनचा विषय निघाला की बोलायचं मीच. व्हिसाची ती वर्षं, नवऱ्याच्या ऑफिसातले लेऑफ, नागपुरात एकटी राहणारी आई. ती म्हणायची, "हो गं." तिचं प्रेशर माझ्यापेक्षा नेहमी जास्त. मी म्हणायची, मीठ कमी कर बाई.

ऑक्टोबरात भाचीच्या लग्नाला एडिसनला जायचं होतं. थंडी पडली म्हणून तुळस आत खिडकीत आणून ठेवली होती. मी किल्ली शेजारणीच्या हातात ठेवली आणि म्हटलं, तेवढं पाणी घाल गं.

तिने किल्लीकडे पाहिलं. "गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकशील? मी तुझ्या घरात येणार आहे म्हणून. माझा फोटोसुद्धा टाक."

"फोटो? अगं, तुला कोण ओळखत नाही इथे?"

"सगळे ओळखतात. तरी टाक."

मी टाकला, पण टाइप करताना नुसता संताप होत होता. समोरच्या घरातल्या काकांनी लगेच लाइकचा अंगठा दिला. ‘काका’ हा माझाच शब्द हं, गोरा माणूस, रिटायर झालेला, स्वभावाने चांगला.

लग्नघरी हळद चालली होती आणि माझा फोन वाजला. आमच्या दारावरचा कॅमेरा फोनला जोडलेला, त्यात शेजारीण दिसत होती. भर दुपार, अंगात लालभडक कोट, कानाला फोन. मोठ्यांदा म्हणत होती, "हो, पोचले तुझ्या दाराशी. आता किल्ली लावते हं." मी दचकले. माझ्याशी बोलतेय? माझा फोन तर माझ्या हातात, कॉल कुठलाच नाही. कुणाशीच बोलत नव्हती ती! गल्लीला ऐकू जावं म्हणून बोलत होती.

तेवढ्यात काका रस्ता ओलांडून आले. "मदत हवी का?" असं म्हणाले, पण पायरी अडवून उभे राहिले. शेजारीण हसली. दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून, सावकाश, तिने मेसेज दाखवला. ज्याला याच माणसाने अंगठा दिला होता तो मेसेज! काकांनी वाचला, मान हलवली, पण ती आत जाऊन बाहेर येईपर्यंत हलले नाहीत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, "अगं, विचारलं फक्त, पोलिस थोडेच बोलावले?" मी हळदीची वाटी अशी आपटली की सगळे बघायला लागले. मग दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखा तो कॅमेरा बघायचा. लग्नात काय जेवले, आठवत नाही.

परत आल्यावर शेजारीण किल्ली द्यायला आली. तुळस छान टवटवीत होती. "काहीही सांग मला," ती म्हणाली, "एअरपोर्टला सोडेन, आजारी पडलीस तर सूप आणेन. किल्ली नको देऊस." प्रेशर किती आलं विचारलं, तर म्हणाली, मोजलं नाही. मला रडूच आलं. तिला नाही आलं.

डिसेंबरात ती लेकीकडे गेली आणि जाताना तिच्या घराची किल्ली मला देऊन गेली. मांजरीला खायला घालायचं होतं. मी मेसेज वगैरे काही टाकला नाही, सुचलंसुद्धा नाही. संध्याकाळी, बर्फ पडत असताना, नवऱ्याचं काळं जॅकेट घालून, टोपी डोळ्यांवर ओढून गेले. किल्ली अडकली. मी दाराला खांदा लावून धडका मारायला लागले.

"मदत हवी का?"

काका! हातात तेलाचा डबा. घरातून बघितलं म्हणे मला. त्यांनी कुलपात तेल सोडलं, किल्ली फिरवली, दार उघडून दिलं. पायांवरचा बर्फ झटक, घसरशील, असंही म्हणाले.

मी म्हटलं, "विचारा ना मला."

"काय?"

"घर माझं नाही. मी इथे काय करतेय, किल्ली कुठून आणली, विचारा!"

ते मनापासून हसले. "तुला काय विचारायचं? तू तर शेजारीण आहेस."