फ्रीजमधली बिजागरी

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर थोरल्या आजोबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, तुम्हाला सांगितलं, "तुमची आई गनपतीत भांडून पलाली." तुम्ही हसलात. ते खोटं तुमच्या डोक्यात घट्ट बसण्याआधी खरं काय झालं ते लिहून ठेवते.

तुमची आई, माझी लेक, तेव्हा मुंबईच्या प्रयोगशाळेत डीएनएची बिजागरी तयार करत होती. दाराला असते तशीच, फक्त डोळ्यांना दिसणार नाही एवढी लहान. त्यात रक्त कुणाचंच नाही. यंत्रावर बनवलेले डीएनएचे धागे विकत मिळतात. कुठला धागा कुठल्या धाग्याला चिकटेल, हे ती पनवेलला घरी सुट्टीत आली तरी लॅपटॉपवर जुळवत बसायची. एक जादा धागा सोडला की बिजागरी उघडणार, दुसरा सोडला की मिटणार. तसं खरंच होतं का, हे दाखवणारं यंत्र पुण्यात होतं. फार थांबल्यावर तिचा तिथे नंबर लागला होता. जाताना ती घरी मुक्कामाला थांबली आणि बिजागरीचं पाणी भरलेली बोटाच्या पेराएवढी नळी आमच्या सामाईक फ्रीजमध्ये ठेवली.

घरात गणपतीची तयारी चालली होती. मोदकांचं खोबरं ठेवताना माझ्या थोरल्या जावेला ती नळी सापडली. थोरल्या आजोबांनी वरची चिठ्ठी वाचली.

"डीएनए? म्हंजी बाप कोन ते शोधतान, तां ना? लगीन नाय झालं तुजं, कोनाचा बाप शोधतंस गो?"

सगळे हसले. तुमची आई समजावत राहिली.

"देव येनार हाय घरान," जाऊ म्हणाली. "मेल्या मान्साचं काय बाय निवेदाजवल नाय ठेवनार मी."

तिने नळी मोरीत ओतली, नळाखाली धरली आणि तुमच्या आईच्या हातात दिली. "घे, धुवून दिली."

मी रागाने इंग्रजीत बोलले. ते त्यांना कळलं नाही, याचंच मला वाईट वाटतं.

पुण्याचा नंबर हुकला. पुढचा मिळण्याआधी शिष्यवृत्ती संपली, म्हणून ती परदेशातल्या प्रयोगशाळेत गेली. पळाली नाही. मी त्याच आठवड्यात चूल वेगळी केली, आणि त्या दोघांना मी माफ केलेलं नाही.

बिजागरीचा आराखडा तुमच्या आईकडे आहे. मला समजावं म्हणून तिने पुठ्ठा आणि लोकर घेऊन शिवलेली बिजागरी माझ्या कपाटात आहे. ती अजून उघडते आणि मिटते.