शेजाऱ्याच्या बंदुकीवरचा पांढरा डाग

माझ्या हातून बऱ्याच वस्तू बिघडल्या आहेत, पण मन लावून, हौसेने बिघडवलेली एकच. ती शेजाऱ्याची बंदूक.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर घेतलं. मागे मक्याचं शेत आणि शेजारी साठी ओलांडलेला एक माणूस, पूर्वीचा शेतकरी. मी मेकॅनिकल इंजिनिअर. धातूची कळकट वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात, आणि हे माझ्यात वडिलांकडून आलं. ते कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीच्या आधी पान्यांपासून हातोडीपर्यंत सगळी हत्यारं घासून लखलखीत करायचे. देवापुढे गंजकी वस्तू ठेवायची नाही, हा त्यांचा दंडक मी सातासमुद्रापार घेऊन आलो होतो.

त्या वर्षी खंडेनवमीला आठवडा होता. मी गराजच्या दारात पाने घासत बसलो होतो, ते पाहून शेजारी गवतावरून चालत आला. आम्ही वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतो, असं मी त्याला सांगितलं. तो घरी गेला आणि एक जुनी शिकारीची बंदूक घेऊन आला. ती उघडून रिकामी असल्याचं त्याने मला दाखवलं.

"माझ्या वडिलांची आहे," तो म्हणाला. "तुमच्या पूजेत हिलाही ठेव. त्यांना आवडलं असतं."

तो गेल्यावर मी बंदूक न्याहाळली. नळी छान निळसर काळी होती, पण नळीमागच्या पोलादी भागाच्या पोटाला तळहाताएवढ्या जागेवरचा रंग पार उडाला होता. आतलं पांढरं पोलाद उघडं पडलं होतं. मला ते बघवेना.

"अरे, त्यांना आधी फोन करून विचार ना," बायको म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू आहे यार."

"सरप्राइज देतो. तू बघच."

हार्डवेअरच्या दुकानातून मी काळा रंग चढवायच्या औषधाची छोटी बाटली आणली. डाग आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या, तेलाचा अंश काढला, बोळ्याने औषध चोळलं. पहिल्या खेपेला ठिपके ठिपके आले. मी चिडलो आणि सगळं परत घासून काढलं. तिसऱ्यांदा जमलं. नीट पाहिलं तर तेवढा भाग नळीपेक्षा जरा राखाडी दिसत होता, पण एवढं कोण बघतं! माझी छाती फुगली होती.

पूजेला झेंडू मिळाला नाही, शेवंती आणली. शेजारी आला, दाराशी बूट काढून उभा राहिला. मी बंदूक त्याच्या हातात दिली. त्याचा हात सवयीने तिच्या पोटाखाली गेला. मग त्याने ती उलटी केली आणि बघत राहिला.

"किती मेहनत घेतलीस," तो म्हणाला. मग त्या जागेवर अंगठा फिरवत म्हणाला, "वडील ती नेहमी इथे धरून चालायचे. चाळीस वर्षं. तो डाग त्यांच्या हाताने पडला होता. मी तिथेच हात ठेवायचो." माझा चेहरा पाहून त्याने घाईने पुढे जोडलं, "पण आता अगदी नवी दिसते."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मी चार-पाच वेळा सॉरी म्हणालो, तो दर वेळी खांद्यावर थोपटत राहिला. माझे वडील हातोडीचं लोखंड घासायचे, पण दांड्याला हात लावायचे नाहीत. त्या दांड्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा होता. कुणी तो भरून सपाट केला असता, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. हे सगळं मला तेव्हा आठवलं.

वर्षभर मी त्याला टाळत होतो. तो मात्र दिसला की हात हलवायचा, बर्फ पडला की आमचीही वाट साफ करायचा. मला अधिकच शरमल्यासारखं व्हायचं.

पुढच्या खंडेनवमीला तो न बोलावता बंदूक घेऊन आला.

"तुझं बाटलीतलं औषध काही टिकलं नाही," तो हसत म्हणाला. "एका सीझनमध्ये उडालं. बघ, वडील परत आले."

पोटाखाली पांढरा डाग चमकत होता, त्याच जागी, तेवढाच. मी बंदूक खिडकीपाशी नेली. हाताने झिजलेलं पोलाद गुळगुळीत असतं, त्यावर रेघा नसतात. इथे बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. पॉलिश पेपरच्या. त्या मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

मी वळलो तेव्हा तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, जरासा घाबरून.

"हो," मी म्हणालो. "अगदी तसाच आला."

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. मी कुंकवात बोट बुडवलं आणि त्या रेघांवर टेकवलं. आपल्या वडिलांच्या हाताची खूण त्याने स्वतः घासून खोटी उमटवली होती, मला बरं वाटावं म्हणून.